गोळ्या का थांबवल्या? इंटर्नसाठीच्या वेब अभ्यासक्रमाच्या प्रकल्प नोंदी

(जागा: मराठवाड्यातलं एक सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. काम मानसोपचार आणि पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) या दोन विभागांचं मिळून. नोंदी ठेवणारी: मानसोपचार विभागातली मानसशास्त्रज्ञ.)

६ जानेवारी २०२५

पीएसएमच्या सरांसोबत बसून आराखडा ठरवला. इंटर्नच्या पीएसएम पोस्टिंगला जोडून वेबवर चालणारा छोटा अभ्यासक्रम करायचा. विषय आरोग्य मानसशास्त्र: माणूस स्वतःच्या आजाराकडे कसं बघतो, गोळ्या का घेतो, का सोडतो, डॉक्टरचं किती ऐकतो आणि घरी जाईपर्यंत किती विसरतो. सरांची अट एकच, मुखपृष्ठावर 'मानसशास्त्र' लिहायचं नाही. "ते दिसलं की पोरं म्हणतील, सायकियाट्रीचं आहे, आपलं काय काम." मान्य. सध्याचं नाव 'ओपीडीतले चार प्रसंग'.

कागदावर बघितलं तर हे सगळं या मुलांना शिकवून झालंय. मानसोपचारात डॉक्टर-रुग्ण नातं आहे, पीएसएममध्ये सामाजिक आणि वर्तनविषयक घटक आहेत, शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारी २०१८ ची एटकॉम पुस्तिका आणि तिची २७ मॉड्यूल आहेत, जी २०१९ च्या प्रवेशापासून लागू झाली. लॉगबुकात सह्या आहेत, शिक्के आहेत. आणि ओपीडीत ऐकू येतं ते असं: "गोळ्या बंद केल्या? कुणाला विचारून? मरायचंय का?" बोलणारा मुलगा वाईट नसतो. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.

वेबच का, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत येणारच, म्हणून उत्तर आत्ताच लिहून ठेवते. इंटर्न एका जागी नसतात. कोणी ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात, कोणी शहरी केंद्रात, कोणी नाइट करून झोपलेला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. खऱ्या रुग्णासमोर चुकीचं वाक्य बोलून ते मागे घेता येत नाही. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला यावर उपाय काढला: निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवायची आणि विद्यार्थ्याला त्याच्यासमोर बसवायचं. पद्धत उत्तम, पण त्यासाठी माणसं तयार करावी लागतात, त्यांना मानधन द्यावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नाही. सर्व्हर मात्र आहे.

१७ जानेवारी

वाचन. डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांचा २००८ चा, 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातला आढावा पुन्हा काढला. वैद्यकीय क्षेत्रातल्या इंटरनेटवरच्या शिक्षणाचे दोनशेवर अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. काहीच न शिकवण्याशी तुलना केली तर इंटरनेटचा फायदा मोठा. वर्गात शिकवण्याशी केली तर फरक जवळजवळ नाही. म्हणजे लेक्चर उचलून वेबवर ठेवलं तर ते लेक्चरच राहणार. व्हिडिओ लेक्चर करायचं नाही, हा निर्णय यावरून घेतला. सरांना ते फारसं रुचलं नाही, त्यांच्याकडे स्लाइड तयार आहेत.

दुसरा निबंध बेकमन आणि फ्रँकेल यांचा, १९८४ चा. ७४ भेटी ध्वनिमुद्रित केल्या. रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलले. आपलं म्हणणं पूर्ण करता आलं ते २३ टक्के रुग्णांना. ही अमेरिकेतली ओपीडी आहे, आपल्यासारखी गर्दी नसलेली. त्यामुळे 'गर्दी आहे म्हणून ऐकत नाही' हे कारण पुरेसं नाही, एवढं तरी यातून दिसतं.

गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचं कामही टिपून ठेवते. नैराश्यासाठी त्यांनी सहा ते आठ भेटींचा साधा बोलण्याचा उपचार बसवला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो देणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. त्याचे निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे तेच प्रशिक्षण स्मार्टफोनवर आणून मध्य प्रदेशातल्या आशा ताईंना दिलं गेलं. आशा ताई फोनवर हे शिकू शकतात, तर इंटर्नना नेटवर्क नाही ही सबब मी ऐकणार नाही. (ऐकावी लागेल, माहीत आहे.)

४ फेब्रुवारी

तांत्रिक बाजू. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायला मूडल ही प्रणाली घेतली. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००२ पासून चालू आहे आणि अडलं तर जगात कुणीतरी उत्तर लिहून ठेवलेलं असतं. प्रसंगांसाठी त्यातलंच एचफाइव्हपी हे साधन वापरणार. त्यात फांद्या फुटणारा प्रसंग बांधता येतो: इंटर्न एक वाक्य निवडतो, रुग्ण त्याप्रमाणे बोलतो, गोष्ट त्या फांदीने पुढे जाते.

संगणक कक्षातल्या सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, फोनच्या ब्राउझरला माइक वापरू द्यायचा असेल तर पत्ता एचटीटीपीएसचाच लागतो, म्हणजे सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवावं लागणार. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, पण ते ९० दिवसांत संपतं. आपोआप नव्याने घेण्याची व्यवस्था लावली नाही तर एका सकाळी सगळ्यांना ब्राउझरचा धोक्याचा पडदा दिसेल. दुसरी, आवाज एका वाहिनीचा आणि ६४ केबीपीएसवर ठेवा, मिनिटाला अर्धा एमबी जातो. व्हिडिओ नाही हे बरं झालं, असं ते स्वतःहून म्हणाले. हे वाक्य पीएसएमच्या सरांपर्यंत पोचवलं.

२० फेब्रुवारी

पहिल्या प्रसंगाची संहिता: क्षयरोग, दोन महिन्यांनी गोळ्या थांबवलेला माणूस.

हा प्रसंग पहिला घेण्यामागे इतिहास आहे. आरोग्य-श्रद्धा प्रतिमान इंटर्नना परीक्षेपुरतं पाठ असतं: आपल्याला धोका आहे असं वाटणं, आजार गंभीर वाटणं, उपायाचा फायदा दिसणं, उपायातले अडथळे दिसणं. ते जन्मलं कुठे, हे कुणी सांगत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा छातीचे एक्स-रे फुकट काढून देत होती, तरी लोक येईनात. का येत नाहीत याचा शोध तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. हॉकबॉम यांच्या १९५८ च्या अहवालात, ज्यांना आपल्याला क्षय होऊ शकतो असंही वाटत होतं आणि लवकर कळण्यात फायदा आहे असंही वाटत होतं, त्यातल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न वाटणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के. म्हणजे पुस्तकातली ती चौकट टीबीच्याच माणसांकडे बघून आखलेली आहे. आमच्या संहितेचा गाभा या आकड्यांपेक्षा चौथ्या घरात, अडथळ्यांत आहे.

संहितेतला माणूस बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. दिवाळीआधी निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, टोळी निघाली, नवरा-बायकोचं कोयतं पश्चिम महाराष्ट्रात गेलं. गोळ्या संपल्या. त्याआधीच एक भीती बसलेली होती: रिफाम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तोवर खोकला थांबला होता, ताप गेला होता, वजन वाढत होतं. सहा महिन्यांतले पहिले दोन महिने संपेपर्यंत माणसाला बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सुटण्याचं हे फार मोठं कारण आहे.

संवाद मी लिहिला तो समाजसेवा अधीक्षक मॅडमना दाखवला. रुग्णालयात त्यांची बरीच वर्षं गेली आहेत. त्यांनी पेन घेऊन माझा रुग्ण जवळपास पुसून टाकला. "हा तुमच्यासारखं बोलतोय. 'मला भीती वाटली' असं आमचा माणूस म्हणणार नाही. तो आधी म्हणेल, घेतो की गोळ्या. मग म्हणेल, गरम पडायल्या. मग गप्प बसेल. तुम्ही थांबलात तरच लघवीचं सांगेल. उचलीचं तर त्याच्याही नंतर." त्यांच्या सांगण्याप्रमाणे नवीन मसुदा असा:

इंटर्न: काका, गोळ्या चालू आहेत ना?
रुग्ण: (थांबतो) हाव, घेतो की.
इंटर्न: रोज?
रुग्ण: लई गरम पडायल्या, सायेब.
(शांतता)
रुग्ण: लघवी लाल व्हायली व्हती. म्हनलं रगत चाललंय.

यातली शांतता किती सेकंदांची ठेवायची यावर आमची चर्चा झाली. मॅडम म्हणाल्या, "मोजू नका. बोलणाऱ्याला सांगा, सांगावं की नाही ते ठरव आणि मग बोल."

१२ मार्च

ध्वनिमुद्रण. खऱ्या रुग्णाचा आवाज वापरायचा नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. संमतीच्या कागदावर अंगठा घेतला म्हणून त्या माणसाला आपला आवाज कुठे कुठे वाजणार हे कळलं असं होत नाही. रुग्ण झाले निवृत्त वॉर्डबॉय मामा. वॉर्डात उभं आयुष्य गेलेला माणूस, संहिता हातात न धरता बोलले. तालीम नको म्हणाले. दुसऱ्या प्रसंगातल्या, इन्सुलिनला नकार देणाऱ्या आजींसाठी स्वयंपाकघरातल्या मावशी आल्या. त्यांनी एक वाक्य स्वतःहून घातलं: "सुई लागली म्हंजे झालंच की आमचं, शेवटाला लावतेत ती." ते ठेवलं. इन्सुलिन हा शेवटचा उपाय, ते सुरू झालं की माणूस गेला, ही समजूत ओपीडीत रोज भेटते आणि तिच्यामागे तर्क असतो. शेजारच्या घरात ज्याला इन्सुलिन लागलं तो माणूस खरंच फार उशिरा आलेला असतो आणि मग तो जातो. बघणाऱ्याने चुकीचं काही पाहिलेलं नसतं.

आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांना आठ प्रश्न सुचवले होते. तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं? ते तेव्हाच का सुरू झालं? या आजाराची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? आठही विचारायला आमच्या ओपीडीत वेळ नाही. पहिला आणि भीतीचा असे दोन घेतले. चारही प्रसंगांत हे दोन प्रश्न कुठेतरी यावेत असा प्रयत्न आहे.

२७ मार्च

२४ तारखेच्या जागतिक क्षयरोग दिनाची फलकं अजून व्हरांड्यात आहेत. त्याच व्हरांड्यात पहिली चाचणी झाली. पोस्टिंगवरचे इंटर्न, स्वतःचे फोन, स्वतःचे इयरफोन.

दोन गोष्टी दिसल्या.

एक. पर्याय न ऐकताच ओळखता येतात. एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, सगळ्यात लांब आणि सगळ्यात गोड वाक्य टिक करायचं." वर्षानुवर्षं एमसीक्यू सोडवून यांची नजर इतकी तयार झालेली आहे की प्रसंग कोणताही द्या, ते रुग्णाकडे न बघता पर्यायांच्या लांबीकडे बघतात.

दोन. मुलं आवाज दुप्पट वेगाने ऐकतात. क्रोममध्ये आवाजाच्या पट्टीला तीन टिंबं असतात, तिथे वेग बदलता येतो. नीट पीजीची सगळी रेकॉर्डेड लेक्चर ती अशीच ऐकतात, त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही. मी मागे उभी राहून ऐकलं. मामांचं "(थांबतो) हाव, घेतो की" हे "हावघेतोकी" झालं होतं. खोटं बोलण्याआधीचा तो थांबाच गेला. ऐकायला शिकवणारा धडा दुप्पट वेगाने ऐकला जातोय, यावर सर खूप हसले. मीही हसले. मग आम्ही दोघं बराच वेळ यावरच बोलत बसलो.

वेग बदलण्याची सोय काढून टाकावी असा विचार आधी आला. सोडून दिला. ती खऱ्या ओपीडीतही दुप्पट वेगानेच ऐकणार आहेत, तिथे माझ्या हातात कुठली पट्टी आहे? त्याऐवजी पहिला प्रश्न बदलला. आता आवाज संपल्यावर विचारतो: "रुग्णाने 'घेतो की' म्हणण्याआधी काय केलं?" वेगाने ऐकणाऱ्याला उत्तर येत नाही, मग तो मागे जाऊन सावकाश ऐकतो. सक्ती नाही, पण काम होतं.

१६ एप्रिल

दुसरी आवृत्ती. निवडीचे पर्याय चारही प्रसंगांतून काढले. आता इंटर्नने माइक दाबून स्वतःचं वाक्य बोलायचं. मूडलच्या लिहिण्याच्या चौकटीतच आवाज रेकॉर्ड करण्याचं बटण येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. बोलल्यावर रुग्णाचा पुढचा संवाद उघडतो. तो संवाद इंटर्न काय बोलला यावर बदलत नाही, म्हणजे पूर्वीपेक्षा तंत्रज्ञान मागे गेलं. शिकणं मात्र पुढे गेलं असं मला वाटतं. टिक करताना कुणालाही ओशाळं वाटत नव्हतं. स्वतःचा आवाज परत ऐकताना वाटतं. एक मुलगा म्हणाला, "मी एवढा खेकसतो?"

तपासायचं कुणी? मूडलमध्ये एकमेकांचं काम तपासण्याची 'वर्कशॉप' नावाची सोय आहे, नावं लपवता येतात. नावं लपवली. आवाज कसा लपवणार? सगळे एका हॉस्टेलचे. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. म्हणून गुण रद्द. आता ऐकणाऱ्याने एवढंच लिहायचं: "यातलं कोणतं वाक्य रुग्णाला टोचलं असतं?" काहीच टोचलं नाही असं लिहिता येत नाही, एक वाक्य उचलावंच लागतं. मित्राला शून्य देणं जड जातं, मित्राचं एखादं वाक्य उचलून दाखवणं तितकं जड जात नाही.

८ मे

तिसरा प्रसंग, मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दातांना लावायची. पुरुषाची तंबाखू सगळ्यांना दिसते, बाईची मिश्री कुणी विचारतच नाही आणि 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला ती बाई खरेपणानेच 'नाही' म्हणते, कारण ती खात नाही, लावते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धूरविरहित प्रकार घेणारे २१.४ टक्के, म्हणजे विडी-सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्रीला बंदी कसली, ती घरच्या चुलीवर होते.

इथे बदलाचे टप्पे उपयोगी पडतात. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी ते धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडले: विचारच नाही, विचार चालू, तयारी, कृती, टिकवणं. इंटर्न टप्पे ओळखतात, नावं धडाधड सांगतात. अडचण पुढे आहे. पहिल्या टप्प्यावरच्या बाईला ते चौथ्या टप्प्याचा सल्ला देतात: आजपासून बंद. तिला अजून सोडायचीच नाहीये. मिश्री लावली नाही तर परसाकडला होत नाही, डोकं चढतं, आणि पहाटे सगळं घर उठण्याआधीचा तो एकच वेळ तिचा स्वतःचा असतो. हे शेवटचं कारण समाजसेवा अधीक्षक मॅडमनी घालायला लावलं आणि माझ्या मते चारही प्रसंगांतलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. पर्याय न देता हे काढून घ्याल, तर बाई ते सोडणार कशी?

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक संवादाचा सगळा भर सोडण्याची कारणं रुग्णाच्या तोंडून यावीत यावर आहे. डॉक्टरने जितका जोर लावावा तितका रुग्ण उलट बाजूने जोर लावतो. इंटर्नना हे समजावून सांगितलं तर पटत नाही. रेकॉर्डिंगच्या धड्यात त्यांना स्वतःच्याच आवाजात "बंद करायला पाहिजे ना मावशी" ऐकू येतं आणि त्यावर मावशींचं ठरलेलं उत्तर येतं: "बरं." त्या 'बरं'चा अर्थ ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो.

२९ मे

उन्हाळा. सर्व्हर खोलीतला एसी बंद, दुपारी सर्व्हरही बंद. प्रमाणपत्राचं मात्र आपोआप नूतनीकरण झालं.

अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं मराठी प्रशस्तिपत्रक छापून बघितलं. मूडलमधली पीडीएफ बनवणारी यंत्रणा देवनागरी जोडाक्षरं नीट बसवत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली होती. चित्राच्या रूपात मजकूर टाकून काम भागवलं.

१८ जून

चौथा प्रसंग. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

वाईट बातमी कशी सांगावी यासाठी स्पाइक्स ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० मध्ये बेली, बकमन आणि सहकाऱ्यांनी मांडली: जागा ठरवा, रुग्णाला काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, सांगा, भावनेला जागा द्या, पुढचं ठरवा. आमच्या इंटर्नना ती व्हायवापुरती चोख येते. पण पहिल्या पायरीवर शांत खोली लागते आणि आमच्या वॉर्डात खाटेखालीही नातेवाईक झोपलेले असतात. दुसरं म्हणजे, बातमी सांगणं हे इंटर्नचं काम नाही, ते वरिष्ठांचं. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता सलाईन बदलायला आलेल्या इंटर्नलाच रुग्ण विचारतो, "डॉक्टर, त्या तुकड्याच्या रिपोर्टात काय आलं?" प्रसंग तिथून सुरू केला.

रुग्ण साठीचा, तोंडात जखम, बायॉप्सीचा रिपोर्ट आलेला. संध्याकाळी मुलाने इंटर्नला जिन्यात गाठून सांगितलंय, "बाबांना काही कळू देऊ नका, ते खचतील."

चाचणीत बहुतेकांची वाक्यं दोन प्रकारची निघाली. "काही नाही काका, साधी जखम आहे." किंवा, "मला माहीत नाही, सकाळी सर सांगतील," असं म्हणून पाय काढता घेणं. पहिलं खोटं आहे आणि उद्या सकाळी उघडं पडतं. दुसरं नियमाला धरून आहे, पण रुग्ण उरलेली रात्र जागा राहतो. तिसरी वाट आम्ही चर्चेतून काढली. बसायचं. खाटेच्या कडेला, डोळ्यांच्या रेषेत. विचारायचं, "काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय असेल?" पुष्कळदा रुग्णाला माहीत असतं. तो मुलाला सांभाळत असतो, मुलगा त्याला सांभाळत असतो. मग विचारायचं, "रिपोर्टबद्दल सगळं तुम्हाला सांगितलेलं आवडेल, की मुलाशी बोलू?" आणि सकाळी वरिष्ठांना उत्तर कळवायचं. बातमी फोडलेली नाही, खोटंही बोललेलं नाही. स्पाइक्सची दुसरी आणि तिसरी पायरी तेवढी इंटर्नने पार केली.

मुलासाठी वेगळा भाग लिहिला. त्याला "कायद्याने रुग्णाला हक्क आहे" हे सुनावणारा इंटर्न बरोबर बोलत असतो आणि मुलगा पुढे त्याच्याशी बोलतच नाही. "बाबा खचले तर काय होईल अशी भीती वाटते?" हे विचारलं की मुलगा बोलतो. आईच्या वेळी काय झालं, ते सांगतो.

जागेबद्दल मॅडमची सूचना घेतली: ड्रेसिंग रूम दुपारी तीननंतर रिकामी असते. पुढच्या पोस्टिंगला सगळ्यांना ही वेळ लेखी देणार.

९ जुलै

एका इंटर्नने कल्पना मांडली, तीही तयार करून: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा रुग्ण. टाइप करा, तो उत्तर देतो. आम्ही बसून बोलून बघितलं. मराठी व्यवस्थित, जरा पुस्तकी. इन्सुलिनला नकार देणारी आजी म्हणून त्याला उभं केलं, तर दोन समजूतदार वाक्यांत आजींना सगळं पटलं आणि त्यांनी आभारही मानले. मॅडम म्हणाल्या, "अशी आजी मला एक तरी दाखवा." मुलाने सूचना बदलून आजींना हट्टी केलं. मग त्या कशालाच बधेनात. अधेमधे कुठे थांबणं, विषय बदलणं, हो म्हणून न घेणं, हे त्याला जमलं नाही. मुलाचा उत्साह मोडायचा नाही. सराव म्हणून त्याने ते चालू ठेवावं, पण अभ्यासक्रमात आत्ता नाही. संभाषणं कुठल्या सर्व्हरवर साठतात हाही प्रश्न आहे, आणि मुलं सवयीने खऱ्या केसेस टाइप करणार हे नक्की.

३० जुलै

मूल्यमापन. कर्कपॅट्रिक यांचे चार थर आहेत: आवडलं का, आलं का, वागण्यात उतरलं का, रुग्णाला फरक पडला का. आवडलं का याचे फॉर्म भरून आलेत, चांगले आहेत, त्यांना मी फार किंमत देत नाही. एकाने लिहिलंय, "छान आहे पण नीट पीजीला येत नाही." हा अभिप्राय जपून ठेवावा असा आहे.

तिसऱ्या थरासाठी केस पेपर बघायचे ठरलं. धडे करून गेलेल्या इंटर्नच्या केस पेपरवर रुग्णाचं स्वतःचं म्हणणं कुठे दिसतं का? त्यासाठी 'रुग्णाला काय वाटतं' असा रबरी शिक्का करून केस पेपरवर मारावा अशी माझी सूचना होती. केस पेपर ही सरकारी नोंद आहे, त्यावर नवा शिक्का नको, असं वरून आलं. त्यामुळे ओळ लॉगबुकात घातली. आकडे इथे लिहीत नाही. तुलनेसाठी अजून एक तुकडी जायची आहे आणि नीतिमत्ता समितीची परवानगी त्यानंतरच्या भागाला लागेल.

एक ओळ सगळ्यांना पुरली असं दिसतं, ती शेवटच्या उजळणीची. केसेल्स यांनी २००३ मध्ये लिहिलंय की डॉक्टरने सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतो. म्हणून "समजलं का?" विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च असतं. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" हे विचारा. इंटर्न हे वाक्य उचलून वापरायला लागलेत. ओपीडीत मी ते दुसऱ्या विभागाच्या रेसिडेंटच्या तोंडूनही ऐकलं, त्याने आमचा अभ्यासक्रम केलेला नाही.

१४ ऑगस्ट

ग्रामीण केंद्रातून एका इंटर्नचा फोन. लॉगबुकातली नोंद वाचून दाखवली. क्षयरोगाची रुग्ण, विशीतली, लग्न होऊन वर्षही झालं नाही. गोळ्या काही आठवडे बंद. कारणाच्या ओळीत इंटर्नने लिहिलंय: 'सासरी माहीत नाही. माहेरून आणून पिठाच्या डब्यात लपवून घेत होती. आता जाऊबाई स्वयंपाक करते.'

ही नोंद सहा महिन्यांपूर्वी 'रुग्ण अनियमित, समुपदेशन केले' अशी झाली असती. इंटर्नने विचारलं, थांबली, ऐकलं. आणि मग तिला पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून फोन. "मॅडम, कारण तर कळलं. आता काय सांगू हिला?"

चार प्रसंगांत याचं उत्तर नाही. विचारायला शिकवलं, ऐकायला शिकवलं, पण उत्तर हातात आल्यावर कुणाकडे जायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. फोनवर मी समाजसेवा अधीक्षक मॅडमना जोडून घेतलं. त्यांनी झटपट प्रश्न विचारले: नवऱ्याला माहीत आहे का, माहेर किती लांब, आशा ताई त्याच गावच्या की शेजारच्या, निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर नोंद कुठल्या युनिटला आहे, पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये कुणाच्या खात्यात जातात. शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व मला सुचलंच नव्हतं. खातं नवऱ्याचं असेल तर पैसे जमा झाले की घरात संदेश येतो. ठरलं असं: नोंद माहेरच्या युनिटकडे वळवायची, गोळ्या तिथे ठेवायच्या, खातं तिच्या नावाचं काढायचं आणि नवऱ्याला सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. सांगायचं झाल्यास ओपीडीत, दोघांना बोलावून.

पाचवा प्रसंग आता याच विषयावर लिहिणार: कारण कळल्यानंतरचं. त्यात आवाज कमी, तक्ता जास्त. आशा, टीबी युनिट, समाजसेवा अधीक्षक, आधार-बँक जोडणी, पोस्टातलं खातं, ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाची निक्षयवर बदली कशी करायची. फोन नंबर दर तीन महिन्यांनी तपासायचे, ती जबाबदारी पीएसएमच्या कार्यालयाकडे. संहितेचा पहिला मसुदा या वेळी मॅडमच लिहिणार आहेत, मी टाइप करणार.